मौजे उंबरमाळ येथील शेणावर चालणाऱ्या संगणकाबाबत

मौजे उंबरमाळ, तालुका इंदापूर, येथील श्रीमती ठमाबाई यांच्या स्वयंपाकाचा गॅस त्यांना परत द्यावा किंवा कसे, याबाबत सविस्तर वस्तुस्थिती मागवण्यात आली आहे. ती खाली सादर करत आहे. मी सोमनाथ, उंबरमाळच्या दूध संस्थेचा चौदा वर्षांचा सचिव आणि जानेवारी १९९८ पासून गावच्या संगणक केंद्राचाही मानद सचिव. श्रीमती ठमाबाई या माझ्या सख्ख्या चुलत्याच्या पत्नी, म्हणजे माझी काकी. हे नातं आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याचा कुठेही उपयोग झालेला नाही.

कळंबहून कालव्याच्या कडेने तीन मैल आलं की उंबरमाळ लागतं. दोनशे बारा उंबरठे, चहूकडे ऊस, दारोदार म्हशी. वीज दिवसातून आठ तास असते आणि ते आठ कोणते हे वीजच ठरवते. १९८८ साली गोबर गॅसची योजना आली तेव्हा गावात अकरा संयंत्रं बांधली गेली. त्यांतल्या एकाच्या लोखंडी टाकीत आता म्हशी पाणी पितात, एकीवर भोपळ्याचा वेल चढलाय, एकीखाली कोंबड्या अंड्यांवर रवणाला बसतात. अशी दहा संयंत्रं निरनिराळ्या उपयोगांत असून गॅस देणारं फक्त अकरावं, ठमाकाकीचं. तालुक्याच्या दप्तरात मात्र अकराच्या अकरा चालू आहेत. तालुक्याला दप्तर जवळ पडतं आणि उंबरमाळ लांब.

काकीचं संयंत्र चालू राहिलं याला कारण काकी. दोन म्हशी, एक गाय आणि रोज सकाळी स्वतःच्या हातानं कालवलेलं शेण. चार वर्षांपूर्वी बारामतीच्या डॉक्टरांनी तिच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले आणि बजावलं की पुन्हा चुलीच्या धुरापुढे बसलात तर ही नजर टिकायची नाही. तेव्हापासून तिच्या घरात चूल पेटली नाही. गॅसच्या निळ्या ज्योतीवर भाकरी थापताना ती परसातल्या टाकीकडे मान वळवून म्हणायची, "ती माजी तिसरी म्हस हाय. दूद देत न्हाय, नजर देती."

१९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये जगातल्या सगळ्या सरकारांची बैठक झाली आणि पृथ्वीचं तापमान वाढत असल्याचं ठरलं. ही बातमी जानेवारीत डिझेलच्या जीपमधून उंबरमाळला पोचली. जीपमध्ये राजवर्धनसाहेब होते, अपारंपरिक ऊर्जा व माहिती तंत्रज्ञान समन्वय प्रकल्पाचे समन्वयक. साहेबांनी चावडीत पडदा टांगून वितळणाऱ्या बर्फाची चित्रं दाखवली. तापमान वाढतंय यावर इंदापूर तालुक्यात कोणी हरकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. गेणबा, आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे, त्यांनी तर आमच्याकडं ते लई वर्सांपासनं वाढल्यालं हाय असं सांगितलं, आणि साहेबांनी स्थानिक पुष्टी म्हणून ते टिपून घेतलं.

साहेबांचा मुद्दा सरळ होता. उंबरमाळ अकरा संयंत्रांच्या जोरावर केवढी तरी ऊर्जा वाचवतं, पण त्याची नोंद कुठेच नाही. नोंद नसलेली बचत ही बचत धरता येत नाही. तेव्हा गावाने कोणत्या घरात किती गॅस वापरला आणि किती धूर वाचला हे रोज संगणकावर नोंदवावं. सरपंच आबाजींना संगणक काय करतो हे ठाऊक नव्हतं, पण शेजारच्या गावाला सरकारी सौर दिवा मिळाला होता, आणि तो फक्त दिवसा लागत असला तरी त्या गावचे लोक बाजारात मान वर करून चालत. आबाजींनी जागच्या जागी संगणक मागून घेतला.

अट एकच होती. हा संगणक वायरच्या विजेवर चालवायचा नाही. स्वच्छ ऊर्जेची मोजदाद कोळशाच्या विजेवर करणं म्हणजे दारू पिऊन दारूबंदीवर भाषण करणं, असं साहेब म्हणाले. आबाजींनी ते एकदा केलेलं असल्यामुळे मुद्दा त्यांना लगेच पटला. मार्चअखेर जवळ आल्याने पुढचं सगळं झपाट्यानं झालं. चावडीमागे भलंमोठं सामुदायिक गोबर गॅस संयंत्र बांधलं गेलं, त्याला एक इंजिन जोडलं आणि इंजिनाला संगणक. इंजिन नुसत्या शेणाच्या गॅसवर सुरू होत नाही, त्याला थोडं डिझेल पाजावं लागतं, ही गोष्ट नंतर लक्षात आली. अर्जात डिझेलचा रकाना नव्हता. जे रकान्यात नाही ते वापरात नाही, म्हणून या कलमाखाली सांगण्यासारखं काही नाही.

संगणकाच्या खोलीला काचा बसल्या आणि भिंतीत एसी बसला, कारण संगणकाला ऊन सोसत नाही असं कंपनीच्या पुस्तकात होतं. आमच्याकडे ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांबरोबर असं पुस्तक येत नाही. खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या हा दुसरा नियम. गाभाऱ्याची सवय असल्याने कोणी कुरकुर केली नाही. गेणबा तर आत शिरताना हात जोडायचे आणि निघताना संगणकाला पाठ दाखवायचे नाहीत.

केंद्राची चालक म्हणून करुणाची नेमणूक झाली. ती आमच्या शाळेतल्या बुद्धभूषण गुरुजींची मुलगी, गावातली पहिली बी.कॉम., बारामतीत संगणकाचा सहा महिन्यांचा कोर्स केलेली. संगणक येईपर्यंत तिने घरोघर हिंडून गावाची सगळी माहिती दोनशे पानी वहीत उतरवली. ती चाळीस पानांत संपली. "सोमनाथदादा, हे सगळं वहीतच मावतंय," ती मला म्हणाली. मी तिचं म्हणणं साहेबांपर्यंत पोचवलं. साहेबांनी समजावून सांगितलं की वहीला ऊर्जा लागत नाही, त्यामुळे ऊर्जेच्या प्रकल्पात वहीला स्थान देता येणार नाही.

आता सामुदायिक संयंत्राला रोज वीस घरांचं शेण लागणार होतं. ते गोळा करण्याचं काम माझ्याकडे आलं. मला आयुष्यात एकच पद्धत येते, दूध संकलनाची, आणि दूध काय, शेण काय, म्हैस तीच आणि माणूसही तोच. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात अशा वेळा लावल्या. रांग, वजन, तपासणी, चिठ्ठी. साखर कारखान्याच्या धर्तीवर आधी सभासदांचं शेण घ्यायचं आणि मग बिगर-सभासदांचं, असंही ठरलं. बिरू धनगर मेंढरांच्या लेंड्या घेऊन आला, त्याला पुढच्या हंगामात अर्ज करायला सांगितलं. चिठ्ठी संगणकावर छापलेली मिळे. तिच्यावर नाव, जनावर, किलो आणि खाली 'पृथ्वी आपली आभारी आहे' अशी ओळ. लोकांनी त्या चिठ्ठ्या देवाच्या तसबिरींशेजारी चिकटवल्या. दर शनिवारी सगळ्यांत जास्त शेण घालणाऱ्याचं नाव ठळक अक्षरात चावडीच्या दारावर लागू लागलं. उंबरमाळचा माणूस एक वेळ बांधावरचं झाड सोडेल, यादीतलं वरचं नाव सोडणार नाही.

वजनावर नाव म्हटल्यावर पहिल्याच आठवड्यात शेणात पाणी आलं. दुधात पाणी घालणारा हात शेणापाशी येऊन एकाएकी सुधारेल अशी आशा मी तरी धरली नव्हती. मी संस्थेतला लॅक्टोमीटर आणला आणि प्रत्येकाच्या घमेल्यात टाकून बघू लागलो. शेण पातळ असेल तर तो आडवा व्हायचा आणि दाट असेल तर ताठ उभा राहायचा. ताठ उभा राहिला की 'उत्तम' असा शेरा. हे लोकांच्या ध्यानात यायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवसापासून शेणात मुरूम आणि कालव्यातला गाळ येऊ लागला, आणि गावच्या शेणाची प्रत तालुक्यात सर्वोत्तम ठरली.

गेणबांकडे एकच बैल, तोही म्हातारा. संगणकाच्या नोंदीप्रमाणे तो रोज एकसष्ट किलो शेण देत होता. संगणक खोटं बोलत नाही असं साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितल्यामुळे ही नोंद वर गेली, आणि पशुसंवर्धनवाल्यांचं पत्र आलं की बैल बारामतीच्या प्रदर्शनात पाठवावा. गेणबांनी शिंगं रंगवून बैल नेला. दोन दिवस मांडवात डॉक्टर लोक घमेली घेऊन बैलामागे उभे होते, पण परक्या जागी त्याने काहीच दिलं नाही. अहवालात 'प्रवासाचा ताण' असं लिहिलं गेलं आणि गेणबांना नारळ मिळाला.

एप्रिल उजाडला. गावात एसी एकच असल्यामुळे लोकांना आपापली माहिती अद्ययावत करण्याची निकड वाटू लागली. दुपारी बारा ते चार खोलीत तीस-चाळीस माणसं मांडी घालून बसत. ज्या ग्रामसभेला वर्षानुवर्षं कोरम मिळत नव्हता ती आठवड्यात तीनदा भरली. एवढ्या माणसांच्या उष्णतेनं खोली तापायची, म्हणून एसी जास्त लावायचा, त्याला जास्त गॅस, गॅसला जास्त शेण. घराघरांतलं सगळं शेण चावडीकडे गेलं. अंगणं सारवायला मूठभर शेण उरलं नाही. ऐन लग्नसराईत आबाजींच्या पुतणीच्या मांडवात सारवायला मिळेना, तेव्हा काटेवाडीच्या पाहुण्यांनी आहेरासोबत टेंपोत घालून चार पाट्या शेण आणलं. वरमाईचा मान त्यांनाच मिळाला, असं म्हणतात.

मे महिन्याच्या चार तारखेला सामुदायिक संयंत्र बंद पडलं. झाकण काढून बघितलं तर आत मुरूम. रस्त्याचं काम निघावं एवढा मुरूम. उपसायला दोन महिने लागणार होते आणि पाच जूनला, पर्यावरण दिनी, पुण्याची समिती आदर्श गाव निवडायला येणार होती. संगणक बंद दिसला असता तर उंबरमाळने गेल्या चार महिन्यांत वाचवलेली सगळी ऊर्जा वाया गेली असती. साहेबांनी दप्तर काढलं, त्यात चालू संयंत्रं अकरा. मला त्यांना भोपळ्याचा वेल दाखवावा लागला. मग साहेब म्हणाले की एक तरी आहे ना.

अशा रीतीने मी काकीच्या दारात गेलो. तिनं मला पाटावर बसवलं, गरम भाकरीवर लोणी घालून पुढं ठेवली. लहानपणी आई आजारी असताना मी तिच्याच हातचं खाऊन वाढलो. भाकरी खाऊन झाल्यावर मी विषय काढला. महिन्याभराचा प्रश्न आहे, तात्पुरती पाईप टाकू, असं सांगितलं. तिनं विचारलं, मग भाकरी कशावर करायची. मी म्हणालो, तेवढ्यापुरती चूल. डॉक्टरला विचारलं का, असं तिनं विचारलं, आणि प्रकल्पात डॉक्टरचं पद नसल्याचं मी तिला सांगितलं.

"आन् टाकीत शेण कुणी घालायचं?" काकी म्हणाली.

"तूच, काकी."

"म्हंजी ग्यास तुमी न्यायचा आन् शेण मी घालायचं."

मी तिला नियम समजावला. शेण घातलं नाही तर संयंत्र बंद पडेल, बंद पडलं की लाभार्थ्यांच्या यादीतून नाव जाईल, आणि गेलेलं नाव परत येत नाही. नियमांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिनं टाकीकडे मान वळवली. "जित्राब हाय ते," ती म्हणाली. "त्येला उपाशी कसं ठिवू." ही लाभार्थीची संमती समजण्यात आली.

पाईप परसातून निघून, आबाजींच्या अंगणाला वळसा घालून, संगणकाच्या खोलीतून मागच्या इंजिनाकडे नेली. खोलीत शेवटच्या सांध्याला वीतभर कमी पडली. काकी घरी गेली आणि चुलत्याच्या जुन्या सायकलीची ट्यूब घेऊन आली. चुलते जाऊन नऊ वर्षं झाली, सायकल तिनं अजून ठेवली आहे. ट्यूब तिनं स्वतःच ओढून बसवली, सुतळीनं गाठ मारली, कारण आमच्या हातच्या गाठीवर तिचा भरवसा नव्हता. इंजिन सुरू झालं, एसी गार झाला, संगणकाच्या काचेवर अक्षरं उमटली. काकी तिथंच उभी होती.

"सोमा, ह्या डब्यात काय हाय?"

"तुजं नाव हाय, काकी. पैल्या नंबरला."

"काय लिवलंय म्होरं?"

"तुज्या घरात धूर न्हाय असं लिवलंय."

"बरं," ती म्हणाली आणि चूल पेटवायला घरी गेली.

त्या नोंदीबद्दल खुलासा करतो. करुणाने दुसऱ्याच दिवशी ती दुरुस्त करायला घेतली होती. पण पुण्याहून आलेल्या कार्यक्रमात 'घरात धूर आहे का?' या प्रश्नाला दोनच उत्तरं होती, 'नाही' आणि 'लवकरच नाही'. तिसरं लिहायला गेलं की संगणक शिट्टी वाजवून बंद पडायचा. शिवाय काकीच्या घरी शंभर टक्के गॅस तयार होत होता आणि शंभर टक्के वापरला जात होता, हे खरंच होतं. कोणी वापरला हा प्रश्न कार्यक्रमात नव्हता. करुणाने ती नोंद तशीच ठेवली आणि घरी जाऊन आपल्या वहीत लिहिलं, 'ठमामावशी, गॅस बंद, कालपासून. चुलीवर उसाचं पाचट जाळतात. डोळे लाल.' ही नोंद अधिकृत नाही.

समितीच्या आठवडाभर आधी साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांना लांबूनच गावावर धूर दिसला. तो काकीच्या घरचा. बाकी घरांचाही होताच, पण काकी यादीत पहिली. आदर्श गावात धूर दिसता कामा नये असं साहेबांनी सांगितलं आणि तोडगाही काढला. दार-खिडक्या लावून स्वयंपाक केला तर धूर बाहेर येणार नाही. हा निरोप मीच पोचवला. काकीनं ऐकून घेतलं आणि दार लावलं. आतून तिच्या खोकण्याचा आवाज येत होता, तो मी अंगणात उभा राहून ऐकला. मला फार वाईट वाटलं. अशा वाटण्याला रकाना नसल्यामुळे मी तसाच संस्थेत परत गेलो आणि संध्याकाळचं दूध घेतलं.

पाच जूनला सकाळी अकराला समिती आली. तीन सदस्य आणि एक अध्यक्ष, जाकिटं घातलेले. शाळेच्या मुलांनी स्वागतगीत म्हटलं, आबाजींनी शाली दिल्या, सगळ्यांनी चपला-बूट बाहेर काढले आणि गार खोलीत पडद्यासमोर खुर्च्या मांडून बसले. करुणाने कळ दाबली. 'धूरमुक्त कुटुंबे २१२ पैकी २१२' अशी अक्षरं आली आणि सदस्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या चालू असताना काकी आली. डोक्यावर पाटी, पाटीत शेगडी, तवा, परात आणि पिठाचा डबा. नियमाप्रमाणे तिनं चपला बाहेर काढल्या. आत येऊन, पाहुण्यांच्या पायाला पाय लागू न देता, ती भिंतीकडे गेली, सुतळीची गाठ सोडली आणि ट्यूब इंजिनाच्या पाईपमधून उपटून आपल्या शेगडीला लावली. इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. एसी थांबला. दोनशे बारा कुटुंबं पडद्यावरून नाहीशी झाली. काकीनं काडी ओढली, निळी ज्योत लागली, आणि ती परातीपुढे बसून पीठ मळू लागली.

साहेब उभे राहिले. "आजी, हे काय चाललंय?"

"भाकरी," काकी म्हणाली. "माजा ग्यास हितं हाय, मंग मी तितं बसून काय करू?"

 खोली गरम व्हायला लागली, पण भाकरी फुगल्याचा वास त्याआधी पसरला. समिती पहाटे पुण्याहून निघाली होती आणि वाटेत भिगवणला फक्त चहा झाला होता. काकीनं पहिली भाकरी तव्यावरून काढली, तिच्यावर ठेच्याचा गोळा ठेवला आणि अध्यक्षांच्या हातात दिली, कारण दारी आलेला माणूस उपाशी ठेवायची तिच्याकडे पद्धत नाही. अध्यक्षांनी तीन भाकरी खाल्ल्या. सदस्यांनी दोन-दोन. साहेबांनीही एक घेतली. तासाभरात टाकीतला गॅस संपला, तोवर समिती अत्यंत समाधानी झालेली होती.

हात धुतल्यावर अध्यक्षांनी भाषण केलं. विकेंद्रित ऊर्जेचा इतका बहुउद्देशीय वापर त्यांनी देशात कुठे पाहिला नव्हता. उंबरमाळ आदर्श गाव म्हणून निवडलं गेलं, ढाल मिळाली, काकीला 'धूरमुक्त माता' असं प्रशस्तिपत्र मिळालं. ते तिनं नाकाशी धरलं, मग हात लांब करून बघितलं आणि माझ्याकडे देऊन वाचायला सांगितलं. मग अध्यक्षांनी तिला काय हवं ते विचारलं.

"माजा ग्यास माज्या घरी," ती म्हणाली. एवढंच.

अध्यक्षांनी मान डोलावली. मागणी रास्त आहे, किंबहुना प्रत्येक घरात स्वतःचा गॅस हेच प्रकल्पाचं ध्येय आहे, असं ते म्हणाले. मला त्या क्षणी फार आनंद झाला. पण एक अडचण होती. सामुदायिक संयंत्र बंद, गॅस परत दिला तर संगणक बंद, आणि संगणक बंद म्हणजे आदर्श गावाचा आदर्श कशावर मोजायचा? निर्णय भावनेच्या भरात होऊ नये म्हणून असं ठरलं की मी सगळी वस्तुस्थिती सविस्तर लिहावी, ती पन्नास सुजाण वाचकांकडे पाठवावी, आणि त्यांचे लेखी अभिप्राय आले की गॅस परत द्यावा. तोपर्यंत जैसे थे, म्हणजे संयंत्रातला मुरूमही जैसे थे. दरम्यान हा संगणक स्वतः किती ऊर्जा खातो याबद्दल एका सदस्याने शंका काढली, तेव्हा ते मोजण्यासाठी दुसरा संगणक मंजूर झाला. तो आला आहे. सध्या खोक्यातच ठेवला आहे, पण खोकं गार खोलीत ठेवावं लागतं.

वस्तुस्थिती म्हणजे आपण आत्ता वाचताय ती. करुणाने तिच्या प्रती हातानं लिहून द्यायची तयारी दाखवली होती. ही पद्धत फारच पारंपरिक असल्याचं साहेबांनी कळवलं. तेव्हा प्रत संगणकावरच छापली जाते. काकीच्या टाकीतला एका दिवसाचा गॅस इंजिन एक तास चालवतो. त्यातली वीस मिनिटं खोली गार व्हायला जातात, दहा संगणक जागा व्हायला, आणि उरलेल्या अर्ध्या तासात एक पान छापून होतं. ही प्रत नऊ पानांची आहे. लॅक्टोमीटर शेणात ताठ उभा राहिला ते पान छापलं त्या दिवशी पाऊस होता, पाचट ओलं होतं, आणि दुपारी काकीनं सुईत दोरा ओवून द्यायला करुणाला बोलावलं. गेणबांच्या बैलाच्या पानाला प्रिंटरमध्ये कागद अडकल्यामुळे दोन दिवस लागले.

आजवर एकतीस जणांना प्रती गेल्या. गॅस परत द्यावा किंवा देऊ नये, असा अभिप्राय एकाचाही आलेला नाही. पत्रं मात्र भरपूर आली. वाचून करमणूक झाली, घरात सगळ्यांना वाचून दाखवलं, मित्रांसाठी आणखी दोन प्रती पाठवा, अशा आशयाची सतरा. मागितलेली प्रत नाकारता येत नाही, तसा नियम आहे. आपण बत्तिसावे.

काकी रोज सकाळी टाकीत शेण घालून, हात धुऊन चावडीवर येते. चपला बाहेर काढते. हल्ली उंबरठा पायानं चाचपून मग आत पाऊल टाकते. आजही ती आली तेव्हा मी हेच पान छापत होतो.

"झालं का वाचून त्येंचं?" तिनं विचारलं.

"वाचत्यात, काकी."

"काय म्हंत्यात?"

तिच्याशी मला खोटं बोलवेना. "हसत्यात," मी म्हणालो.

काकीनं पदरानं डोळे टिपले. "मंग आनकी एक मागत्याल," ती म्हणाली आणि पाचट गोळा करायला गेली.